सेलमधला आकडा कुठून आला?

१८ जुलै २०२२ पासून सरकारी बांधकामांच्या कंत्राटांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर गेला. त्यानंतर काही आठवड्यांनी माझ्या ओळखीच्या एका कंत्राटदारांनी एका इमारतीच्या कामाची निविदा भरली. अट होती, सर्व करांसह एकूण किंमत. काम त्यांना मिळाले. पहिल्या बिलाची तयारी सुरू झाली तेव्हा लक्षात आले, की निविदेत कर १२ टक्क्यांनीच धरलेला आहे. ५० लाखांच्या कामात ६ टक्के म्हणजे ३ लाख रुपये. निविदा नवा दर लागू झाल्यानंतरची, त्यामुळे कर वाढला म्हणून फरक मागायलाही जागा नव्हती. तो सगळा त्यांच्या नफ्यातून गेला.

कंत्राटदारांची एस्टिमेट्स, दरांची विश्लेषणे आणि बिले तपासून देणे हे माझे काम. त्यांनी दोन्ही फाइली माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "ताई, गुणाकार, बेरीज सगळे बरोबर आहे. दरांच्या फाइलीत १८ टाकलेलेही आहेत. मग हे १२ आले कुठून?"

प्रश्न अगदी योग्य होता. दरांची मुख्य फाइल वेळेवर दुरुस्त झाली होती. सिमेंट, स्टील, खडी, क्रश सँड, मजुरी, कर असे सगळे त्या एका फाइलीत, आणि प्रत्येक कामाचे एस्टिमेट त्या फाइलीशी लिंक केलेले. पद्धत चांगली. पण एस्टिमेटची फाइल ज्याने शेवटची उघडली त्याने ती घरच्या लॅपटॉपवर उघडली होती, आणि त्या लॅपटॉपवर दरांची फाइलच नव्हती. फाइल बिनतक्रार उघडली. आकडे दिसले. त्यांची प्रिंट निघाली, आणि तीच निविदेला लागली.

इथे काय घडते ते नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. दुसऱ्या फाइलीशी जोडलेल्या सेलसाठी एक्सेल दोन गोष्टी जपून ठेवते. एक पत्ता: कोणते फोल्डर, चौकटी कंसात कोणती फाइल, कोणती शीट, कोणता सेल. आणि दुसरी गोष्ट, त्या पत्त्यावर शेवटची फेरी झाली तेव्हा तिथे सापडलेला आकडा. फाइल उघडताच स्क्रीनवर दिसतो तो हा साठवलेला आकडा. पत्त्यावर पुन्हा जायची परवानगी मिळाली आणि मूळ फाइल तिथे सापडली, तरच तो बदलतो. साठवलेला आकडा आणि ताजा आकडा यांचा रंग, ठसा, जागा सगळे एकच. नुसते बघून फरक कळण्याची सोय नाही. त्यावर चालणारे गुणाकार आणि बेरजाही अचूकच येतात, म्हणून दोनदा तपासूनही त्या कंत्राटदारांना काही सापडले नव्हते.

मग फाइल उघडताना येणारी सूचना त्यांच्या माणसाला दिसली कशी नाही? एरवी एक्सेल सांगते, की या फाइलीत बाहेरच्या फाइलींच्या लिंक आहेत, आकडे ताजे करायचे का? 'अपडेट' आणि 'डोन्ट अपडेट' अशी बटणे येतात. मी 'डेटा' टॅबमधले 'एडिट लिंक्स' उघडले. तिथे 'स्टार्टअप प्रॉम्प्ट' नावाचे बटण असते, आणि त्यात सूचना दाखवू नये व लिंक ताज्याही करू नयेत असा पर्याय निवडलेला होता. रोज रोज येणारा प्रश्न नको म्हणून कोणी तरी कधी तरी तो निवडला असणार. ही निवड एका माणसाच्या संगणकापुरती राहत नाही. ती त्या फाइलीत साठवली जाते, आणि पुढे ती फाइल उघडणाऱ्या प्रत्येकाला लागू होते. म्हणून माझे पहिले सांगणे हे, की ती सूचना कितीही त्रासदायक वाटली तरी बंद करू नका. कार्यालयात नवीन मुलगा-मुलगी आली की पहिल्याच दिवशी तिचा अर्थ सांगा.

हे ऐकून बरेच जण म्हणतात, मग लिंकच नको, आम्ही दर हाताने कॉपी करून टाकतो. मला हे अजिबात पटत नाही. कॅनडातल्या ट्रान्सअल्टा या वीज कंपनीला २००३ साली निविदेच्या स्प्रेडशीटमध्ये कट-पेस्ट करताना ओळी सरकल्यामुळे २ कोटी ४० लाख डॉलरचा फटका बसला. जे. पी. मॉर्गन बँकेला २०१२ मध्ये लंडनमधल्या व्यवहारांत ६ अब्ज डॉलरहून अधिक तोटा झाला. तोट्याची कारणे अनेक होती. पण बँकेने स्वतः जानेवारी २०१३ मध्ये काढलेल्या अहवालात नोंद आहे, की जोखीम मोजण्याचे त्यांचे मॉडेल अनेक एक्सेल फाइलींवर चालत होते आणि एका फाइलीतले आकडे दुसरीत हाताने कॉपी-पेस्ट केले जात होते. हाताने आणलेल्या आकड्याला पत्ताच नसतो. तो कुठून आला, कधी आला, कोणी आणला, हे सहा महिन्यांनी कोणालाही सांगता येत नाही. लिंकला निदान पत्ता असतो. तो पत्ता डोळ्यांसमोर ठेवायची शिस्त तेवढी लागते.

ती शिस्त मी आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक कार्यालयाला अशी घालून देते. एस्टिमेटच्या फाइलीत पहिलीच शीट 'आयात' नावाची ठेवायची. बाहेरच्या फाइलीतून जे काही यायचे ते फक्त या शीटवर येईल. मेजरमेंट शीट, रेट अ‍ॅनालिसिस, अ‍ॅबस्ट्रॅक्ट या बाकीच्या शीट्स 'आयात'कडे बघतील. थेट बाहेर कोणीही बघणार नाही. यामुळे लिंक शोधायला सबंध फाइल धुंडाळावी लागत नाही. दुसरे, दरांच्या मुख्य फाइलीत एका सेलमध्ये दर शेवटचे कधी बदलले ती तारीख लिहायची आणि ती तारीखही लिंक करून 'आयात'वर आणायची. तिथून ती अ‍ॅबस्ट्रॅक्टच्या माथ्यावर छापली गेली पाहिजे: 'दर अमुक तारखेचे'. आकडा जुना असेल तर तारीखही जुनीच येईल, आणि सही करणाऱ्याला कागदावरच ते दिसेल. जुलै २०२२ नंतरच्या त्या निविदेवर मे महिन्यातली तारीख छापलेली असती, तर कंत्राटदारांनी ती स्वतः पकडली असती. ते दर आणि करांच्या बाबतीत फार चोख गृहस्थ आहेत.

तिसरी सवय साधी आहे. आधी दरांची फाइल उघडायची, मग एस्टिमेटची. दोन्ही एकाच एक्सेलमध्ये उघड्या असल्या की लिंक आपोआप ताजी होते. मूळ फाइल उघडी असताना लिंकच्या सेलवर गेलात तर वरच्या फॉर्म्युला बारमध्ये फक्त फाइलचे नाव दिसते. बंद असताना फोल्डरचा सगळा मार्ग दिसतो. एवढ्यावरूनही आपण कुठल्या स्थितीत आहोत ते कळते.

आता त्याहून अवघड गोष्ट. जुना आकडा निदान कधी तरी खरा होता. पण ताजी केलेली लिंक साफ चुकीचा आकडा आणू शकते, आणि तेही काही न बोलता. मी एका रस्त्याच्या कामाचे एस्टिमेट तपासत होते. त्यात एम२५ काँक्रीटचा दर बराच कमी दिसत होता. मुख्य फाइल उघडून पाहिले तर तिथे एम२५ चा दर बरोबर होता. एस्टिमेटमध्ये आला होता तो एम२० चा.

झाले होते ते असे. मुख्य फाइलीत १४व्या ओळीवर एम२० आणि १५व्या ओळीवर एम२५ होते. एस्टिमेटची लिंक १५व्या ओळीकडे बोट दाखवत होती. मग कोणी तरी मुख्य फाइलीत एम१५ साठी नवी ओळ घातली. एम२० सरकून १५वर आले आणि एम२५ सरकून १६वर. त्या वेळी एस्टिमेटची फाइल उघडी असती तर एक्सेलने लिंकही एक ओळ खाली सरकवली असती. पण ती बंद होती. बंद फाइलीला ओळी सरकल्याचा पत्ता लागत नाही. पुढच्या वेळी ती उघडली, 'अपडेट' दाबले, आणि १५व्या ओळीवर आता जे होते ते प्रामाणिकपणे आणले गेले.

यावर उपाय आहे आणि तो पक्का आहे. मुख्य फाइलीतल्या ज्या सेलकडे इतर फाइली बघणार आहेत, त्या प्रत्येकाला नाव द्यायचे. सेल निवडून डाव्या बाजूच्या नावाच्या चौकटीत नाव टाइप करून एंटर दाबायचे. लिंक मग १५व्या ओळीकडे न बघता त्या नावाकडे बघते, आणि ओळी कितीही सरकल्या तरी नाव आपल्या सेलबरोबर सरकते. फक्त नुसते 'एम२५' हे नाव एक्सेल घेणार नाही, कारण त्याच्या लेखी तो एम कॉलममधल्या २५व्या ओळीचा पत्ता आहे. 'रेट_एम२५' असे काही ठेवावे लागते. फाइली बऱ्याच असतील आणि दर शेकड्यांनी असतील, तर 'गेट डेटा'मधून येणारी पॉवर क्वेरी वापरा. ती मूळ तक्ता कॉलमच्या नावांनी वाचते, सेलच्या पत्त्यांनी नाही. मात्र तिथेही 'रिफ्रेश' केल्याशिवाय आकडे जुनेच राहतात, हे विसरून चालणार नाही.

काही फॉर्म्युले मूळ फाइल बंद असताना चालतच नाहीत. 'समइफ', 'समइफ्स', 'काउंटइफ' हे बंद फाइलीतून आकडे घेऊ शकत नाहीत आणि 'व्हॅल्यू' अशी चूक दाखवतात. 'इन्डायरेक्ट' 'रेफ' दाखवतो. 'व्हीलुकअप' आणि 'इंडेक्स-मॅच' मात्र बंद फाइलीवरही चालतात. चूक दाखवणाऱ्या फॉर्म्युल्यांची मला काळजी वाटत नाही. ते निदान ओरडून सांगतात.

सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार अजून सांगायचा आहे. नवीन काम आले की जुन्या कामाच्या फाइलीतली तयार अ‍ॅबस्ट्रॅक्ट शीट 'मूव्ह ऑर कॉपी'ने नव्या फाइलीत आणायची, ही पद्धत सर्वत्र आहे. वेळ वाचतो, मांडणी एकसारखी राहते. पण ती शीट ज्या मेजरमेंट शीटवरून मापे घेत होती, ती जुन्याच फाइलीत राहिली. म्हणून एक्सेल प्रत्येक फॉर्म्युल्यात जुन्या फाइलचे नाव घालून त्याची बाहेरची लिंक करून टाकते. नव्या शाळेच्या इमारतीच्या अ‍ॅबस्ट्रॅक्टमध्ये जुन्या समाजमंदिराची खोदाई आणि जुन्याच समाजमंदिराचे बांधकाम येऊन बसते. नव्या मेजरमेंट शीटमध्ये कितीही मापे बदला, अ‍ॅबस्ट्रॅक्ट हलत नाही. यातून सुटायचा सोपा मार्ग असा: शीट कॉपी केल्याबरोबर 'एडिट लिंक्स' उघडा आणि 'चेंज सोर्स' करून तिला याच नव्या फाइलकडे वळवा. नव्या फाइलीत मेजरमेंट शीटचे नाव तेच असेल, तर सगळे फॉर्म्युले एकदम जागेवर येतात. किंवा एक शीट न आणता संबंधित सगळ्या शीट्स एकाच वेळी निवडून आणा. मग त्या एकमेकींकडेच बघत राहतात.

'एडिट लिंक्स'ला नव्या एक्सेलमध्ये 'वर्कबुक लिंक्स' म्हणतात. तिथे लिंक दिसते पण शीटवर कुठे आहे ते सापडत नाही, अशी तक्रार मी फार ऐकते. शोधायची रीत अशी. कंट्रोल-एफ दाबा, शोधायच्या जागी उघडणारा चौकटी कंस टाका, 'विदिन'मध्ये सबंध वर्कबुक आणि 'लुक इन'मध्ये फॉर्म्युलाज निवडा. तरीही सापडली नाही तर 'फॉर्म्युलाज' टॅबमधला 'नेम मॅनेजर' उघडा. दुसऱ्यांच्या शीट कॉपी करताना त्यांची नावेही मागोमाग येतात आणि ती जुन्या फाइलीकडे बघत असतात. तिथेही नसेल तर आलेखांच्या मालिका आणि शीर्षके, डेटा व्हॅलिडेशनच्या याद्या, कंडिशनल फॉरमॅटिंगचे नियम पाहा. हट्टी लिंक बहुधा यांतच दडलेली असते.

मार्गांबद्दल थोडक्यात. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात ठेवल्या आणि फोल्डर सबंधच हलवले, तर लिंक टिकते. एकच फाइल पेन ड्राइव्हवर गेली की तुटते. नेटवर्कवरचा ड्राइव्ह एका टेबलावर झेड आणि दुसऱ्या टेबलावर वाय असेल, तर एकाची लिंक दुसऱ्याकडे चालणार नाही. सर्व्हरच्या पूर्ण नावाने उघडून लिंक केली तर सगळ्यांकडे चालते. वनड्राइव्हवर गेलेल्या फोल्डरातल्या लिंकचे रूप वेबच्या पत्त्यासारखे होते, आणि ते फोल्डर ज्यांना शेअर केलेले नाही त्यांच्याकडे ती उघडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली फाइल मोबाइलवर उघडली तर दिसतात ते साठवलेले आकडे. साइटवरचा सुपरवायझर त्यावरून मालाची ऑर्डर देत असेल तर त्याला हे माहीत असले पाहिजे.

लिंक कधी तोडायची, हा माझ्या दृष्टीने पद्धतीपेक्षा जबाबदारीचा प्रश्न आहे. काम मंजूर झाले, दर करारात बांधले गेले, की त्या कामाच्या फाइलीने मुख्य फाइलीकडे बघणे थांबलेच पाहिजे. नाही तर नवी दरसूची आल्यावर मुख्य फाइल बदलते आणि जुन्या कामाच्या तिसऱ्या रनिंग बिलात अचानक नवे दर उमटतात. बिल तपासणाऱ्या अधिकाऱ्याला ते दिसते आणि मग सगळ्याच बिलांवर संशय येतो. वर्षअखेरीला आणखी एक गोष्ट घडते. मुख्य फाइल 'सेव्ह अ‍ॅज' करून नव्या वर्षाच्या नावाने ठेवली जाते. त्या क्षणी जी एस्टिमेट्स उघडी असतील, त्यांच्या लिंक नव्या नावाकडे वळतात. जी बंद असतील, ती जुन्या नावाकडेच राहतात. एकाच कार्यालयात निम्मी कामे एका वर्षाच्या दरांवर आणि निम्मी दुसऱ्या, अशी अवस्था येते, आणि कोणती कुठे हे फाइल उघडल्याशिवाय समजत नाही. म्हणून 'सेव्ह अ‍ॅज' करताना बाकीच्या सगळ्या फाइली बंद ठेवा. मंजूर कामाच्या फाइलीची आधी एक प्रत जपून ठेवा आणि मग 'ब्रेक लिंक' करा. हे केल्यावर फॉर्म्युल्याच्या जागी नुसता आकडा राहतो आणि 'अंडू' करता येत नाही. प्रत ठेवल्याशिवाय ते बटण दाबू नये.

आतापर्यंत मी लिंकबद्दल बोलले. एम्बेड करणे, म्हणजे एक सबंध फाइल दुसरीच्या पोटात ठेवणे, याचा धोका अगदी उलट्या बाजूचा आहे. लिंकमध्ये हवी ती माहिती पोहोचत नाही. एम्बेडमध्ये नको ती पोहोचते.

एका कार्यालयाने जादा दराचे समर्थन करणारे पत्र वर्डमध्ये तयार केले. पत्रात दराचा आठ ओळींचा तक्ता हवा होता. तो एक्सेलमधून कॉपी करून 'पेस्ट स्पेशल'मध्ये वर्कशीट ऑब्जेक्ट म्हणून लावला, कारण तसा तो सुबक दिसतो. पत्र मेलने खातेप्रमुखांकडे गेले. तिथल्या अभियंत्याने तक्ता नीट वाचायला म्हणून त्यावर दोनदा क्लिक केले, आणि सबंध एक्सेल फाइल उघडली. पुरवठादारांकडून आलेले खरे दर, त्यावर चढवलेला नफा, दुसऱ्या दोन कामांची गणिते, मजुरांचे पगार, सगळ्या शीट्स तिथे होत्या. पत्रावर दिसत होत्या त्या आठ ओळी. गेले होते सगळे दप्तर. वाटाघाटीत त्या कार्यालयाचे पारडे तिथेच खाली आले.

लपवलेल्या शीट आणि पिव्हट टेबल यांचाही हाच स्वभाव आहे. पिव्हट टेबल फक्त बेरजा दाखवते, पण ज्या मूळ नोंदींवरून त्या आल्या त्यांची प्रत सहसा आत साठवलेली असते. लंडनमधल्या इस्लिंग्टन नगरपालिकेने २०१२ मध्ये माहिती अधिकाराखाली स्प्रेडशीट दिल्या, आणि पिव्हटच्या पोटातून २,३७५ रहिवाशांची खासगी माहिती बाहेर गेली. २०१३ मध्ये ७०,००० पौंडांचा दंड झाला. उत्तर आयर्लंडच्या पोलिसांचे प्रकरण त्याहून गंभीर. ऑगस्ट २०२३ मध्ये अशाच एका माहिती अर्जाला उत्तर म्हणून दिलेल्या फाइलीत एक लपवलेली शीट राहिली, आणि ९,४८३ अधिकारी-कर्मचाऱ्यांची आडनावे, आद्याक्षरे, हुद्दे आणि नेमणुकीची ठिकाणे उघड झाली. ज्या प्रदेशात पोलिसांवर हल्ले झालेले आहेत तिथे या माहितीचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. २०२४ मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी ७,५०,००० पौंडांचा दंड केला. आपल्याकडेही माहितीच्या अधिकाराखाली आणि निविदांच्या उत्तरात स्प्रेडशीट रोज जातात.

म्हणून बाहेर जाणाऱ्या फाइलीबद्दल मी तडजोड करत नाही. तक्ता चित्र म्हणून पेस्ट करा किंवा वर्डचाच तक्ता करा. आलेख असेल तर पेस्ट करताना येणाऱ्या पर्यायांकडे बघा. एक पर्याय वर्कबुक आत घालतो, एक लिंक ठेवतो, एक नुसते चित्र लावतो. बाहेरच्यासाठी चित्रच. शेवटी पीडीएफ करून तीच पाठवा. समोरच्याला आकड्यांवर काम करायचे असेल तर नव्या कोऱ्या वर्कबुकमध्ये फक्त व्हॅल्यूज पेस्ट करून द्या, किंवा सीएसव्ही द्या. सीएसव्हीत लिंक राहत नाही, लपलेली शीट राहत नाही, आत काही ठेवताच येत नाही.

आणि तपासायची एक रीत सगळ्यांनी शिकून घ्यावी. २००७ पासूनची एक्सेल आणि वर्डची फाइल ही आतून एक झिप असते. फाइलीची प्रत करा, प्रतीच्या नावाचे शेपूट बदलून झिप करा आणि उघडा. आत 'एक्सएल' किंवा 'वर्ड' नावाचे फोल्डर दिसेल. त्यात 'एम्बेडिंग्ज' नावाचे फोल्डर असेल तर पोटात दुसरी फाइल आहे. 'एक्सटर्नललिंक्स' असेल तर बाहेरच्या लिंक आहेत, आणि त्यासोबत त्या बाहेरच्या फाइलीतून आणलेले आकडेही साठवलेले असू शकतात. म्हणजे मूळ फाइल पाठवली नाही तरी तिच्यातले काही दर गेलेले असतात. त्याखेरीज 'फाइल', 'इन्फो', 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' इथून एक्सेल स्वतःही तपासून देते. आत ठेवलेल्या फाइली, लिंक, लपवलेल्या शीट, लपवलेल्या ओळी सगळे सांगते. काही गोष्टी ते काढून टाकते, काही फक्त दाखवते. ज्या दाखवते त्या आपल्या हाताने काढायच्या.

एम्बेड करू नये असे मात्र मी म्हणत नाही. कार्यालयाच्या आत, कायम जपायच्या टिपणात, ज्या गणितावरून निर्णय झाला ते गणित त्या टिपणाच्याच पोटात असावे हे उत्तम. काही वर्षांनी ऑडिटचा प्रश्न आला तर शोधाशोध होत नाही. पण कोटेशनच्या पीडीएफ, नकाशे, साइटचे फोटो 'इन्सर्ट ऑब्जेक्ट'ने आयकॉन करून एस्टिमेटमध्ये ठेवण्याची सवय वाईट. फाइल फुगते, उघडायला वेळ लावते, मोबाइलवर ते आयकॉन उघडत नाहीत, आणि कोटेशन बदलून आले तरी आतले जुनेच राहते. ती कागदपत्रे कामाच्या फोल्डरात ठेवा आणि सेलमध्ये फक्त हायपरलिंक द्या. बाहेरून आलेल्या अनोळखी फाइलीतल्या आयकॉनवर तर कधीच दोनदा क्लिक करू नये. व्हायरस पाठवायचा हा जुना आणि अजून चालणारा मार्ग आहे.

गूगल शीट्स वापरणाऱ्यांना 'इम्पोर्टरेंज' माहीत असतो. तिथे मार्ग तुटण्याचा प्रश्न जवळजवळ नाही, पण 'अलाउ अ‍ॅक्सेस' एकदा दाबताना थांबा. तुम्ही एका शीटच्या चार कॉलमसाठी परवानगी दिलीत असे वाटते. प्रत्यक्षात ज्या फाइलीला परवानगी मिळाली, तिच्यात बदल करू शकणारा कोणीही मूळ फाइलीतला कुठलाही भाग इम्पोर्टरेंजने ओढू शकतो. दर आणि नफा एकाच गूगल शीटमध्ये ठेवणाऱ्या माझ्या ओळखीच्या सगळ्यांना मी ते वेगवेगळ्या फाइलींत करायला लावले आहे. वाटून द्यायचे दर एका फाइलीत, नफा दुसरीत, आणि त्या दुसरीला परवानगी कुठेच नाही.

दुसऱ्यांकडून आलेली लिंक असलेली फाइल हाती आली, तर आकड्यांवर विश्वास ठेवण्याआधी 'एडिट लिंक्स'मधले 'चेक स्टेटस' दाबा. मूळ फाइल सापडत नाही असे उत्तर आले, तर पाठवणाऱ्याला फोन करून दोन गोष्टी विचारा: मूळ फाइल कोणाकडे आहे, आणि हे आकडे तिच्यातून शेवटचे कधी घेतले. तारीख सांगता आली नाही, तर त्यांना मूळ फाइल शेजारी उघडून, लिंक ताज्या करून, पुन्हा पाठवायला सांगा. निविदेच्या शेवटच्या दिवशी हे करायला वेळ नसतो, म्हणून ते दोन दिवस आधी करा.